वाळूच्या दांड्यावरचं वऱ्हाड

शीड भरलेलं होतं आणि होडी हलत नव्हती.

मांडवाच्या झावळ्या दोन बोटांनी बाजूला सारून मी बघत होते. नवरीनं असं बघायचं नसतं, म्हणून लपून. अंगाला हळद, कपाळावर मुंडावळ्या, कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि डोळे मात्र खाडीवर. खालच्या वळणावर माझ्या नवऱ्याचं वऱ्हाड घेऊन येणारा मचवा दिसत होता. समुद्राकडून येणारा खारा वारा त्याच्या पाठीशी होता, शीड टम्म फुगलं होतं, बँडचा आवाज तर थेट मांडवापर्यंत पोचत होता. पण मचव्याच्या नाळीसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, जे कांदळाचं झाड होतं ते समोरच राहिलं होतं. मी शंभरपर्यंत आकडे मोजले. झाड तिथंच.

"थाट बघा वऱ्हाडाचा," मावशी म्हणाली. "मिरवायला म्हनून मुद्दाम हलू हलू येतान."

बायका हसल्या. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. ते मिरवत नव्हते, रुतले होते. कुठं रुतले, किती रुतले आणि कधी सुटतील हे मी बसल्या जागेवरून सांगू शकत होते. कारण तीन महिन्यांपूर्वी मी हेच सांगितलं होतं आणि ज्याला सांगितलं तो माणूस हसला होता.

तो माणूस म्हणजे माझे होणारे सासरे, त्या मचव्याचे कप्तान, माडबंदरचे जोमा तांडेल.

आमची कांदळवाडी खाडीच्या पोटात, समुद्रापासून चांगली आत. आम्ही कोळीच, पण खाडीचे. चिंबोऱ्या धरायच्या, कालवं फोडायची, बोयी माशांना जाळं लावायचं. माडबंदरचे कोळी समुद्राचे. त्यांच्या होड्या मोठ्या आणि आवाज त्याहून मोठे. खाडीतल्या कोळ्याला ते कोळी म्हणायचे खरे, पण म्हणताना जरा खोकायचे.

मोरेश्वर मला तालुक्याच्या बाजारात भेटला. तो सुके बोंबील घेऊन यायचा, मी चिंबोऱ्यांची टोपली. एकदा माझ्या टोपलीतून निसटलेल्या चिंबोरीनं त्याच्या पायाचा अंगठा धरला. तो ओरडला नाही की मला शिव्या दिल्या नाहीत. खाली वाकून तिलाच म्हणाला, "सोड गो बाय, मी तुजं काय केलंय?" मी तिथंच ठरवलं, लग्न करीन तर ह्याच्याशी.

नंतर बाजाराच्या दर दिवशी आमचं बोलणं होऊ लागलं. तो बोलायचा ते सगळं समुद्राचं आणि बापाचं.

"बाबांकडं एक दोरी हाय," तो सांगायचा. "टोकाला शिशाचा गोला. दर वावाला एक गाठ." वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर, ते मलाही ठाऊक होतं. "गोल्याच्या बुडाला चरबी लावून सोडायची. तलाचा चिखल चिकटून वर येतो. तो हुंगून बाबा सांगतान आपन कुठं हाव. धुकं असो, काय असो."

"आनि तू?"

"मी आठ वर्सं नाळीवर उभा हाय. मना दोरीला हात लावू देत नाय. तांडेल नाळीवरच्या मानसाला इचारतो ना, 'पानी किती?' तसं एकदा पन इचारलं नाय. स्वताच दोरी टाकतान, स्वताच हुंगतान. बोलतान, ज्याला पानी इचारायचं त्याच्यावर आधी इस्वास पायजे."

हे सांगताना तो हसायचा, पण हसू ओठांपुरतंच असायचं.

साखरपुड्याला माडबंदरची मंडळी एसटीनं आली. जोमा तांडेल म्हणजे सहा फुटी, काळाकभिन्न, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. चहा घेता घेता त्यांनी जाहीर केलं, "वऱ्हाड होडीनं येल. आमच्या घराण्यात नवरा शिडावर येतो, गाडीनं नाय."

मुहूर्त निघाला होता वैशाख वद्य नवमीचा, गोरज, सहा पंचावन्न. तांडेलांनी बोटांवर हिशेब केला. आमच्यात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. "नवाची पाऊनपट पावनेसात," ते म्हणाले. "पावनेसातला पूर भरती. पाचाच्या सुमाराला तुमच्या खाडीत शिरतो, तवर पानी चरलेलं असल. देवानंच जुलवून आनलंय."

मी चहाचे कप उचलत होते. गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं, पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

"तांडेलमामा, ती भरती माडबंदरची," मी म्हणाले. "तीच भरती चालत चालत आमच्याकडं येते. तिला दीड तास लागतो. त्यात नवमी म्हंजे भांगाचं पानी, फारसं चरतच नाय. आनि गेल्या पावसाच्या पुरात वालूचा दांडा सरकलाय. आता होडीची वाट खाडीच्या मदून नाय, कांदलाच्या कडेनं हाय."

मग जोमा तांडेल हसले. मोठ्यानं, मान मागं टाकून.

"बुधाजी," ते माझ्या बापाला म्हणाले, "तुजी पोरगी हुशार हाय. पन तिला सांग, पानी किती हे तांडेल इचारतो. तांडेलाला कोन सांगत नाय."

"ती रोज जाते तिकडं," माझा बाप म्हणाला. "पायजे तर मी होडकं घेऊन वलनावर उभा ऱ्हातो. वाट दाखवतो."

"अरे, मी समिंदर पालथा घातलेला मानूस. खाडी म्हंजे घागरीतलं पानी. तू आपला चिंबोऱ्या धर."

माझा बाप मूग गिळून बसला. पण ते मूग तीन महिने त्याच्या पोटात तसेच होते.

आणि आता लग्नाच्या दिवशी सव्वापाच वाजता मचवा दांड्यावर चढला होता.

मी उठून मांडवाच्या दाराशी गेले. बाप नवा फेटा बांधून, हातात नारळ घेऊन वऱ्हाडाच्या स्वागताला उभा होता. त्याची नजर वळणावरच होती.

"आबा, दांड्यावर चढलेत."

"दिसतंय मना."

"मग जावा की."

"बोलावल्याबिगर जानार नाय." त्यानं नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. "मना चिंबोऱ्या धरायच्या हायेत."

शेजारी भटजी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघत होते. "सहा पंचावन्न," ते म्हणाले. "एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. यंदा ज्येष्ठात मुहूर्तच नाहीत, हा चुकला तर पुढचा थेट तुळशीच्या लग्नानंतर."

पाणी येणार होतं. सव्वाआठला आमची भरती पुरी झाली असती, मचवा आपोआप तरंगला असता, कुणाला खरचटलंही नसतं. फक्त लग्न राहिलं असतं. आणि जोमा तांडेलांना मी जेवढं ओळखत होते त्यावरून सांगते, तो माणूस त्याच भरतीवर नाळ फिरवून, अपशकुन झाला म्हणत परत गेला असता. ज्या खाडीनं आपली फजिती पाहिली तिथं तो पुन्हा पाऊल ठेवता ना. तुळशीच्या लग्नापर्यंत मोरेश्वरसाठी दुसरी कुणी पाहिली असती, समुद्राकडची.

मी मावशीला म्हणाले, "परसाकडं जाऊन येते." तिनं बरं म्हटलं. मी मागच्या बाजूनं निघाले ती सरळ धक्क्यावर गेले, कासोटा वर खोचला, आमचं होडकं सोडलं आणि बांबू रोवला. आंब्याच्या एका खोडातून कोरलेलं ते होडकं, चार-पाच माणसांपुरतं. लहानपणापासून मी त्यातच वाढले म्हटलं तरी चालेल. वाटेत सासूबाईंकडून आलेली जोडवी बोटांत टोचत होती, ती काढून कमरेला खोचली.

जवळ गेले तसं मचव्यावरचं चित्र नीट दिसलं. पन्नासेक माणसं, सगळी नटलेली. त्यात निदान वीस जण असे की ज्यांनी उभा जन्म समुद्रावर काढलेला. आणि ते सगळेच्या सगळे एकाच वेळी उपाय सांगत होते. बँडवाले तेवढे इमानेइतबारे वाजवत होते, कारण त्यांना थांबा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. सुकाण्यावर जोमा तांडेल ताठ उभे होते आणि अजूनही समोर बघत होते, जणू मचवा चालतोच आहे.

पहिली हाक आली ती हिरूआत्याची. ही तांडेलांची थोरली बहीण, ह्या घरात तांडेलांना गप्प करू शकणारं एकमेव माणूस.

"अगो आई! ही तर नवरी! मुंडावल्या बांधून होडी वल्हवते!" आणि लगेच दुसरी हाक, "मोऱ्या, तोंड फिरव! आंतरपाटाच्या आधी एकमेकांचं तोंड बघायचं नाय! कुनीतरी आडवं धरा काय तरी!"

दोघांनी धाकट्या शिडाचं कापड उचलून आडवं धरलं. त्या कापडामागून फक्त मोरेश्वरचं बाशिंग वर दिसत राहिलं.

"कोन तू?" जोमा तांडेलांनी विचारलं. ओळखून विचारलं.

"तुमची सून. अजून व्हायची हाय, म्हनूनच आले."

वऱ्हाडात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

"जा घरी," ते म्हणाले. "पानी येल. आमची होडी निघंल."

"येल, पन सव्वाआठला. मुहूर्त पावनेसातच्या पुढं दहा मिनिटं हाय."

"मंग पोराला त्या पोरीच्या होडक्यात बसव," हिरूआत्या म्हणाली. "चार चार करून सगलेच जाऊ."

"नाय!" तांडेलांचा आवाज एकदम चढला. "अडकलेल्या होडीवरनं आमच्या घरचा मानूस उतरत नाय. आजवर उतरला नाय. होडी जाईल तवाच पोरगा जाईल."

त्यांच्या घरची ती रीत होती आणि मला ती पटली, खरं सांगते. मी होडीवर वाढलेली. अडकली म्हणून होडी सोडून जाणारा माणूस बायकोलाही सोडून जाईल.

"मंग होडीच काढू," मी म्हणाले. "काढता येल. पन मी सांगते तसं करायला लागंल."

सगळे सुकाण्याकडं बघत होते. तेवढ्यात त्या कापडामागून आवाज आला.

"काय करायचं ते सांग गो. मी करतंय."

बापाची परवानगी न विचारता तो बोलला होता. मला त्या चिंबोरीची आठवण झाली आणि एवढ्या गडबडीतही मला हसू आलं.

जोमा तांडेलांनी मुलाच्या बाशिंगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग सुकाण्यावरचा हात काढला, खाली बसले आणि खिशातून विडी काढली.

"इडी काढली त्यानं," हिरूआत्या माझ्याकडं बघून कुजबुजली, पण तिचं कुजबुजणं पार किनाऱ्यापर्यंत गेलं असेल. "म्हंजे हो बोलला. सांग लवकर, इडी सरायच्या आत."

"आधी शीड उतरवा," मी ओरडले. "वारा तुमाला दांड्यावर आनखी चढवतोय!"

वीस तांडेलांनी एकमेकांकडं पाहिलं. इतकी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. आली नसती असं नाही, पण सुकाण्यावर जोमा असताना शिडाबद्दल दुसऱ्यानं बोलायचं नाही हा त्यांचा शिरस्ता. शीड खाली आलं.

"आता नांगर माज्या होडक्यात द्या. वाट तिकडं हाय, कांदलाच्या कडेला. मी तिथं नेऊन टाकते. मग नालीवरनं दोर ओढायचा."

नांगर जड होता. कापड वर उचललं गेलं आणि त्याच्या खालून दोन हात नांगर घेऊन बाहेर आले. हळदीनं पिवळे झालेले, दोरानं घट्टे पडलेले. मला नवऱ्याचं तोंड दिसलं नाही पण हात दिसले. नांगर माझ्या होडक्यात असा हलकेच ठेवला त्यांनी, जसं झोपलेलं मूल ठेवावं. मग एक बोट उगाचच माझ्या चुड्याला लागलं आणि सगळा चुडा वाजला.

"मोऱ्या!" आत्या.

हात आत गेले.

मी नांगर नेऊन टाकला. कुठं टाकायचा ते मला पाण्यावरनंच कळत होतं. दांड्यावर बगळे घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. बोयी उड्या मारत होत्या ती दांड्याची कड. आणि कांदळाशेजारून एक पट्टा गुळगुळीत, काळपट, गुपचूप चाललेला. तीच वाट. नांगरानं चिखल धरला. नाळीवर दहा-बारा जण दोराला लागले. हैसा झालं, घाम निघाला, मचवा हलला नाही.

"बघितलंस?" कुणीतरी म्हणालं.

"नुसता ओढून चिखल सोडत नाय," मी म्हणाले. "चिखलात पाय रुतला तर तुमी काय करता? सरल उपटता? हलवता ना, हिकडून तिकडं? मंग हलवा! दोरावर हायेत ते ऱ्हावा. बाकी सगल्यांनी नाचायचं. सगले डाव्या अंगाला, मंग सगले उजव्या अंगाला. बँडवाले, जोरात वाजवा काय तरी!"

ह्या एका कामाला कोळ्याला दोनदा सांगावं लागत नाही.

बँडनं ठेका धरला. चाळीस माणसं डाव्या अंगाला गेली. मचवा कलला, बायका किंचाळल्या. चाळीस माणसं उजव्या अंगाला आली. मचवा इकडं कलला. हिरूआत्या मधोमध उभी राहून हात वर करून दिशा दाखवत होती, जणू तिनंच हा नाच काढला. म्हातारे नाचले, पोरं कडेवर घेतलेल्या बायका नाचल्या, कापड धरणारे दोघे कापडासकट नाचले. कापडाच्या मागं बाशिंग उड्या मारत होतं. तळातून चिखल चुबुक चुबुक बोलू लागला. मी होडक्यातून ओरडत होते, "डावीकडं! उजवीकडं! ओढा!" आणि माझ्या मुंडावळ्या नाकावर आल्या होत्या.

मोठ्या ढोलाचा पट्टा तुटला. ढोल घरंगळत गेला आणि पाण्यात पडला. ढोलवाला हाय हाय करत राहिला. त्याचा ढोल मात्र चढत्या पाण्यावर डुलत डुलत कांदळवाडीकडं निघाला.

आणि मग एक मोठा, ओला, आळसावलेला आवाज झाला. मचवा सुटला.

आरोळी उठली ती कांदळवाडीपर्यंत गेली. दोर ओढत ओढत मचवा वाटेवर आला. मी होडकं मचव्याच्या मागं बांधलं आणि बांबू घेऊन वर चढले. हिरूआत्यानं कापडवाल्यांना खसकन माझ्या आणि मोरेश्वरच्या मधे उभं केलं. मी नाळीवर गेले. मागं सुकाण्यावर जोमा तांडेल पुन्हा उभे राहिले होते. विडी त्यांनी पेटवलीच नव्हती.

पाणी आम्हाला आपणहून आत नेत होतं. मी बांबू टाकत होते आणि बघत होते, पण काय दिसतं ते मोठ्यानं बोलत नव्हते. पाणी किती हे तांडेल विचारतो. ते मी विसरले नव्हते.

पहिल्या वळणाला मागून आवाज आला.

"पानी किती?"

नाच थांबला, बँड थांबला. मला वाटलं, आणखी कुणाला विचारतायत. मी मागं वळून पाहिलं तर सगळे माझ्याकडं बघत होते, दोराला लागलेले, बँडवाले, पोरं, सगळे. कापडही थोडं खाली आलं होतं, पण आत्या काही बोलली नाही.

"पानी किती गो?" त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज नेहमीचाच होता, चढा.

"दीड वाव!" मी ओरडले. "डाव्या अंगाला कमी हाय!"

मचवा उजवीकडं वळला.

मग प्रत्येक वळणाला त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. कांदळवाडीच्या धक्क्याला मचवा लागला तेव्हा सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ढोल आमच्याआधी पोचला होता आणि माझ्या मावसभावांनी तो बाहेर काढून उन्हात ठेवला होता. माझा बाप नारळ घेऊन पुढं आला. जोमा तांडेल उतरले आणि दोघे समोरासमोर उभे राहिले.

"चिंबोऱ्या धरल्या का रे?" तांडेलांनी विचारलं.

"एक मोठी सुटली हातातनं," माझा बाप माझ्याकडं बघत म्हणाला. "तुमच्या होडीत सापडली."

दोघे हसले आणि मी त्या हसण्याच्या आडोशानं मागच्या दारानं मांडवात पळाले. गुडघ्यापर्यंत चिखल होता, धुवायला वेळ नव्हता. माझ्या सख्ख्या मामानं मला तशीच उचलून पाटावर उभी केली. आंतरपाट धरला. तो बाजूला झाला तेव्हा समोर घामानं निथळणारा, बाशिंग तिरकं झालेला, एका कानावर चिखलाचा शिंतोडा असलेला मोरेश्वर उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं आनंदाचं. होतंच. पण दुसरंही काही होतं ते मला रात्री पंगती उठताना कळलं, हात धुवायला एकत्र गेलो तेव्हा.

"आठ वर्सं," तो म्हणाला. "मना एकदा पन इचारलं नाय. तुना पयल्या दिवशी."

"राग आला?"

त्यानं जरा विचार केला. "आला. मंग गेला. नाचता नाचता कुठं ऱ्हातो राग."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या भरतीवर आम्ही निघालो. जमिनीकडून येणारा मतलई वारा अजून पडला नव्हता. खाडीभर मामा, म्हणजे आता माझे सासरे, विचारत होते आणि मी सांगत होते. तोंडाशी आलो तसं मातकट पाणी संपलं आणि हिरवं सुरू झालं. मी बांबू आडवा ठेवला. माझं काम झालं होतं. ह्यापुढं समुद्र, आणि समुद्र त्यांचा.

बरंच पुढं गेल्यावर, किनारा नुसती रेघ झाला तेव्हा मागून हाक आली.

"पानी किती गो?"

मी गडबडून बांबू टाकला. तो तळाला लागेचना, मीच पाण्यात जायची. मोरेश्वरनं कंबर धरली.

"बांबू लागत नाय, मामा."

"मंग हिकडं ये."

मी गेले. त्यांनी बसायच्या फळीखालून एक करंडी काढली. तिच्यात शिशाचा गोळा होता, हातानं झिजलेला, आणि भोवती गाठी मारलेली दोरी. वऱ्हाडातले डुलक्या घेणारे म्हातारे उठून बसले. मामांनी ती दोरी माझ्या हातात ठेवली.

"आईशप्पत," मोरेश्वर म्हणाला. मग मोठ्यानं, "बाबा! आठ वर्सं!"

"तू गप. बारा महिने नाक वाहतं तुजं. चिखल हुंगायला नाक पायजे."

मी गोळा सोडला. गाठी बोटांतून जात होत्या तशा मोजल्या. सहा. "सहा वाव!" मी ओरडले. वर ओढला तेव्हा बुडाच्या चरबीला करडा चिखल चिकटला होता, त्यात पांढरे बारीक कण. मी हुंगलं.

"मंग?" मामांनी विचारलं. "कुठं हाव आपन?"

मी पुन्हा हुंगलं. खाडीचा चिखल असता तर कुठल्या झाडाखालचा तेही सांगितलं असतं. हा वास माझ्या ओळखीचा नव्हता. सगळी होडी ऐकत होती.

"ठाऊक नाय, मामा."

जोमा तांडेल माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. साखरपुड्याला हसले होते तसं नाही, मान खाली घालून, स्वतःशीच.

"हे मना चालीस वर्सांत बोलता आलं नाय," ते म्हणाले. "ठाऊक नाय. बोललो असतो तर काल दांड्यावर चढलो नसतो." त्यांनी फळीवर सरकून जागा केली. "बस हितं. परत हुंग. ते पांढरं दिसतंय ना, ती शिंपल्याची भुकटी. ती जिथं मिलते तिथनं माडबंदरचं देऊल नाकासमोर येतं."

मी बसले. समोर बघितलं तर खरंच, त्या रेघेवर एक पांढरा ठिपका होता.

"आनि माजी बायको?" नाळीवरून मोरेश्वर ओरडला. "ती काय तिथंच बसनार?"

"किनाऱ्याला लागल्यावर तुजी," मामा म्हणाले. "तवर होडीची."

मी गोळ्याचा चिखल पुसला, नवी चरबी लावली आणि दोरी पुन्हा पाण्यात सोडली.